शेवटचा काळ आलाय म्हणून मुलीची एफडी मोडायची का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताईंच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, एक मुलगी आहे अकरा वर्षांची. घर विश्वासणाऱ्यांचं, रविवार कधी चुकत नाही. गेल्या वर्षभरापासून मिस्टर रात्री उशिरापर्यंत शेवटच्या काळाचे व्हिडिओ बघत बसतात. युद्ध, भूकंप, लाल कालवडी, डिजिटल पैसा, बातम्यांत जे येईल ते त्यांना प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, सापडतं. ज्या प्रचारकाला ते ऐकतात त्याने पुढच्या वर्षीची एक तारीख सांगितलीय, त्या दिवशी मंडळी, म्हणजे विश्वासणारी माणसं, वर स्वर्गात उचलली जाणार म्हणून. आता मिस्टरांचं म्हणणं असं की मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडून त्या प्रचारकाच्या सेवेला देऊ, नोकरीचा राजीनामा देऊन पूर्णवेळ सुवार्तेला लागू, आता साठवायचं कोणासाठी. ताई नको म्हणाल्या की "लोटाच्या बायकोची आठवण ठेव" हे ऐकावं लागतं, म्हणजे सदोम सोडताना मागे वळून पाहिलं आणि मिठाचा खांब झाली ती. मधे एकदा मुलगी क्लासवरून आली तर घराला कुलूप, दोघांचे फोन लागेनात, ती जिन्यात बसून रडत होती, तिला वाटलं आईबाबांना वर नेलं आणि आपण एकटेच मागे राहिलो. तेव्हापासून ती लाइट लावून झोपते आणि रोज रात्री विचारते, मी राहिले तर? ताईंचा प्रश्न: "प्रभू परत येणार यावर माझाही विश्वास आहे, मग मी यांना कुठल्या तोंडाने अडवू? माझाच विश्वास कमी पडतोय का?"

ताई, एफडीचं नंतर बोलू, आधी मुलीचं.

उचललं जाणं म्हणून जे शिकवलं जातं त्याचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय, शेवटची सहा वचनं. तुमच्या घरात ती पाठ असणार. पण पौलाने ती का लिहिली ते बघा. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागच्यांना घोर लागला होता की प्रभू येईल तेव्हा आपली ती माणसं त्याला मुकणार की काय. पौल त्यांना सांगतो, नाही, उलट ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण जिवंत असलेले त्यांच्याबरोबर, आणि मग सगळे मिळून कायमचे प्रभूजवळ. शेवटच्या वचनात तो म्हणतो की या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. म्हणजे आपलं माणूस मागे राहील ही भीती काढण्यासाठी लिहिलेला उतारा आहे हा, आणि तोच उतारा ऐकून एक अकरा वर्षांची पोर जिन्यात बसून रडते आहे. तुमचे मिस्टर मुद्दाम तिला घाबरवतात असं मी अजिबात म्हणत नाही, पण जे शिकवणं ऐकून लेकराची झोप उडते त्यात कुठेतरी मांडणी चुकलीय एवढं नक्की, कारण पौलाने ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या बरोबर उलटं घडतंय.

तिच्यासाठी आजपासून करता येण्यासारखं सांगते. एक तर घरात व्हिडिओ मोठ्या आवाजात लागायला नकोत, हेडफोन लावा म्हणावं, आणि ती जागी असताना नकोच. तिला घरी यायला वेळ असेल आणि तुम्ही नसाल तर कुठे जायचं, कोणाला फोन करायचा हे ठरवून तिच्या वहीत लिहून द्या, कुलूप दिसलं की पहिला विचार त्या नंबरचा यायला हवा. दुसरं जरा नाजूक आहे. अशी भीती बसलेली मुलं पुष्कळदा रोज रात्री तारणाची प्रार्थना पुन्हा पुन्हा करतात, काल नीट झाली नसेल तर, मनापासून झाली नसेल तर, म्हणून. तुमची मुलगी तसं करते का ते हळूच विचारा. करत असेल तर रागवू नका, फक्त सांगा की देवाने तुला धरलंय ते तुझ्या प्रार्थनेच्या जोरावर नाही, तू झोपलीस तरी त्याची पकड सुटत नाही. मेंढपाळ मेंढराला शोधत जातो, मेंढराने मेंढपाळाला धरून ठेवायचं असतं असं येशूने कुठेच सांगितलेलं नाही. आणि हे शक्यतो तिच्या बाबांनीच तिला सांगावं. भीती त्यांच्या मोबाइलमधून आली, तर धीरही त्यांच्याच तोंडून आला तर तिला जास्त पटेल. त्यांना नुसतं एवढंच म्हणा की आज रात्री तुम्ही तिच्याजवळ बसा आणि तो चौथा अध्याय शेवटपर्यंत वाचा, सांत्वनाच्या वचनापर्यंत. मुलीच्या डोळ्यात बघून ते वचन वाचताना त्यांच्याही काहीतरी लक्षात येईल असं मला वाटतं.

आता तुमचा प्रश्न. अडवलं म्हणजे विश्वास कमी, हे तुम्ही गृहीत धरलंय, आणि माझं तुमच्याशी पटत नाही ते इथेच. तुमच्या घरात तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली गेलीय. प्रभू परत येणार ही पहिली. ती सगळ्या ख्रिस्ती लोकांची आहे, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, सगळ्यांची, 381 साली ठरलेल्या विश्वासांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, ती आहे की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला गौरवाने पुन्हा येईल. तो कसा येणार, आधी काय आणि नंतर काय, ही दुसरी. इथे मंडळ्यांचं एकमत कधीच नव्हतं. महासंकटाच्या, म्हणजे शेवटी येणाऱ्या मोठ्या संकटकाळाच्या, आधी मंडळी गुपचूप उचलली जाईल ही जी क्रमवारी तुम्ही व्हिडिओत ऐकता ती जॉन नेल्सन डार्बी या प्लिमथ ब्रदरेन मंडळीच्या शिक्षकाने 1830 च्या दशकात मांडली आणि 1909 साली आलेल्या स्कोफील्डच्या टीपा असलेल्या बायबलमुळे ती खूप पसरली. ऑगस्टीन पाचव्या शतकात प्रकटीकरणातली हजार वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळच असं वाचत होता. आजही बरेच देवभीरू लोक तसंच वाचतात, आणि बरेच डार्बीसारखं वाचतात, आणि दोघंही त्याच प्रभूची वाट बघतात. मी इथे कोण बरोबर ते ठरवत बसणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे तारीख. आणि तिथे तर शास्त्रानेच दार लावून घेतलंय. मत्तय 24 मध्ये येशू म्हणतो की त्या दिवसाबद्दल दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. पुनरुत्थानानंतर शिष्यांनी परत विचारलं तर प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात उत्तर आहे की काळ आणि समय पित्याने स्वतःच्या हातात ठेवलेत, ते जाणणं तुमच्याकडे नाही.

तेव्हा तिसऱ्याला नाही म्हटल्याने पहिल्याला नाही म्हटलं असं होत नाही. उलट प्रभूने जे स्वतः सांगितलं त्यावर तुम्ही उभ्या आहात.

लोटाच्या बायकोचं वचन तुम्हाला फार लागलंय हे पत्रातून कळतं. ते लूकच्या सतराव्या अध्यायात आहे आणि ते ऐकणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायचं वचन आहे, नवऱ्याने बायकोला ऐकवायचं नव्हे. शिवाय उत्पत्तीचा एकोणिसावा अध्याय उघडून बघा, त्या सकाळी रेंगाळला कोण, तर लोट स्वतः. दूतांना त्याचा, त्याच्या बायकोचा आणि दोन्ही मुलींचा हात धरून बाहेर काढावं लागलं, कारण देवाला त्याची दया आली असं तिथे म्हटलंय. सगळं कुटुंबच चाचरत होतं आणि सगळ्यांनाच हात धरून बाहेर आणलं. हे मिस्टरांना भांडताना सुनावू नका, पण तुम्ही स्वतः लक्षात ठेवा म्हणजे ते वचन ऐकल्यावर छातीत धस्स होणार नाही.

चिन्हांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अशीच पत्रं अजूनही येतात आणि त्यांनाही उत्तर होईल. त्याच मत्तय 24 मध्ये जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांनी येशूला विचारलं की हे कधी होईल आणि तुझ्या येण्याचं चिन्ह काय. उत्तराची सुरुवातच अशी आहे की तुम्हाला कोणी फसवू नये म्हणून सांभाळा. मग येतात लढाया, लढायांच्या बातम्या, दुष्काळ, भूकंप, आणि त्यांच्याबरोबरच येतं की घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, ही तर वेदनांची सुरुवात. मिस्टर जी यादी रोज रात्री शेवटाचा पुरावा म्हणून बघतात ती यादी येशूने शेवट अजून नाही हे सांगताना दिलीय. त्यातला मंदिराचा भाग तर शिष्यांच्याच पिढीत घडला, 70 साली तीताच्या रोमन सैन्याने यरुशलेम पाडलं, चिऱ्यावर चिरा राहणार नाही म्हटलं होतं तसं मंदिर गेलं. त्यामुळे या अध्यायातलं किती झालं आणि किती व्हायचंय यावर अभ्यासक आजही वेगवेगळं बोलतात.

भूकंपांचं म्हणाल तर अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था गेल्या शंभरएक वर्षांच्या नोंदींवरून सांगते की सात किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी सोळाच्या आसपास होतात, एखाद्या वर्षी जास्त, एखाद्या वर्षी कमी. वाढलीत ती मोजायची यंत्रं आणि मोबाइलवर येणाऱ्या बातम्या. प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा 666, त्याचं तर पहिल्या शतकातल्या वाचणाऱ्याला बहुतेक कोडं नव्हतंच, नीरो कैसर हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की तो आकडा येतो, आणि काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे तो त्याच नावाच्या लॅटिन रूपाशी जुळतो, म्हणून बरेच अभ्यासक तसं मानतात. बारकोड आला तेव्हा त्यात 666 सापडला, मग क्रेडिट कार्डात, मग लसीत, आता डिजिटल पैशात. लाल कालवडींचं खरं आहे, सप्टेंबर 2022 मध्ये टेक्ससमधून पाच कालवडी इस्राएलला नेल्या गेल्या, गणनाच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या शुद्धीकरणाच्या विधीसाठी. पण त्यावरून कोणाला आपल्या घरातल्या मुलीच्या कॉलेजची तारीख कळत नाही.

आता तारखांचं. हे मी मिस्टरांना हिणवायला लिहीत नाही, तारखांवर विश्वास ठेवणारी माणसं बहुतेक वेळा साधी, प्रामाणिक, प्रभूवर प्रेम करणारी असतात, म्हणून तर त्यांचं नुकसान बघवत नाही. 1533 साली जर्मनीत मिखाएल श्टीफेल नावाचा पाळक होता, चांगला गणिती, त्याने शास्त्रातल्या आकड्यांवरून 19 ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता जगाचा शेवट काढला. ल्यूथर त्याचा मित्र, त्याने नको नको म्हणून बजावलं तरी ऐकलं नाही. त्याच्या गावच्या शेतकऱ्यांनी शेतं सोडली, घरात होतं नव्हतं ते खाऊन संपवलं, आणि आठ वाजून गेले. अमेरिकेत विल्यम मिलर हा बाप्तिस्त शेतकरी, दानीएलाच्या पुस्तकावरून त्याने हिशोब मांडला, त्याच्या मागे हजारो लोक गेले, शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली. काहींनी शेतातले बटाटेसुद्धा काढले नाहीत. त्या रात्रीनंतर जे लोक रडले त्यांच्या लिहून ठेवलेल्या आठवणी वाचल्या की पोटात तुटतं. 2011 मध्ये हॅरॉल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून 21 मे सांगितली, मग 21 ऑक्टोबर. याच माणसाने आधी 1994 ची तारीख सांगितली होती, आणि तीन-तीनदा चुकल्यावर 2012 मध्ये त्याने स्वतःच लिहून कबूल केलं की तारीख सांगणं हे पाप झालं. तोवर लोकांनी आयुष्याची पुंजी जाहिरातींच्या पोस्टरांवर घातली होती.

पण ताई, तुमच्या एफडीच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दक्षिण कोरियाचं 1992 चं प्रकरण. ली जांग-रिम या प्रचारकाने 28 ऑक्टोबरला मंडळी उचलली जाणार असं सांगितलं. हजारो लोक मागे लागले, कोणी नोकरी सोडली, कोणी घर विकलं, पैसे त्याच्या संस्थेला दिले. तारखेच्या महिनाभर आधी त्याला फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा बाहेर आलं की त्याने स्वतः बाँड घेऊन ठेवलेत आणि ते मॅच्युअर होणार आहेत 1993 मध्ये. लोकांना पुढचं वर्षच नाही असं सांगून स्वतः पुढच्या वर्षाची सोय. पुढे कोर्टाने त्याला शिक्षा केली. तुमच्या मिस्टरांचा प्रचारक तसाच आहे असं मी म्हणणार नाही, मला तो माहीतही नाही. पण एक सरळ प्रश्न आहे जो मिस्टरांनी त्याला किंवा त्याच्या ऑफिसला विचारावा, तुम्ही नाही, मिस्टरांनीच: त्या तारखेनंतरचं तुमचं काय काय ठरलंय? हॉलचं बुकिंग, जागेचं लोन, गाडीचे हप्ते, संस्थेच्या ठेवी? ज्याचा स्वतःच्या तारखेवर विश्वास आहे त्याच्याकडे त्या तारखेनंतरची ठेव नसणार. आणि असेल, तर मग तुमच्या मुलीची का नको?

शास्त्रात याच प्रश्नाचं उत्तर आधीच दिलेलं आहे, कारण हा प्रश्न पहिल्या शतकातच आला होता. थेस्सलनीकाच्या त्याच मंडळीला पौलाला दुसरं पत्र लिहावं लागलं. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं कोणी सांगितलं, अगदी आमच्या नावाचं पत्र दाखवून सांगितलं, तरी एकदम मन डळमळू देऊ नका. तेव्हाही खोटी पत्रं फिरत होती बघा. आणि तिसऱ्या अध्यायात कळतं की तिथे काहीजण काम सोडून बसले होते, इकडेतिकडे लुडबुड करत फिरत होते. त्यांना पौल खडसावतो, शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. प्रभू लवकर येणार असं मानणारा, त्याच्यासाठी मार खाल्लेला, तुरुंगात गेलेला माणूस हे लिहितोय, आणि तो स्वतः रात्रंदिवस हाताने काम करत होता हेही तिथेच लिहिलंय.

यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय मात्र तुम्ही दोघांनी एकत्र बसून वाचावा असं मला फार वाटतं. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, शहर पडणार हे यिर्मयाला माहीत आहे कारण तोच ते वर्षानुवर्षं सांगत आलाय आणि त्याबद्दल कैदेत आहे. अशा वेळी देव त्याला काय सांगतो, तर चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घे. आणि तो घेतो, 17 शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर सही करून शिक्का मारतो, आणि ती कागदपत्रं आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. शेवट जवळ आलाय हे खरोखर माहीत असलेल्या माणसाने केलेला हा व्यवहार आहे. तुमची एफडीची पावतीही मला त्याच मडक्यातली वाटते. मुलीसाठी पैसे ठेवणं म्हणजे प्रभू येणार नाही असं म्हणणं नव्हे, तो येईपर्यंत जे लेकरू आपल्या हाती सोपवलंय त्याचं आपण बघतोय एवढाच त्याचा अर्थ.

अजून एक प्रसंग सांगायचा मोह होतो. 19 मे 1780 ला अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दिवसा अंधार झाला, इतका की दुपारी मेणबत्त्या लावाव्या लागल्या, न्यायाचा दिवस आला म्हणून लोक चर्चमध्ये धावले. नंतर कळलं की जंगलातल्या वणव्यांचा धूर होता. कनेक्टिकटच्या सभागृहात बैठक चालू होती, सदस्य म्हणाले तहकूब करून घरी जाऊ. अब्राहम डेव्हनपोर्ट नावाचे एक सदस्य उठले आणि म्हणाले की न्यायाचा दिवस एकतर आलाय किंवा नाही, आला नसेल तर तहकूब करायचं कारणच नाही, आणि आला असेल तर मी आपलं काम करताना सापडलेला बरा, मेणबत्त्या आणा. मत्तय 24 मधला विश्वासू दास हाच ना, धनी येतो तेव्हा घरच्यांना वेळेवर जेवण देताना सापडतो तो? आणि लगेच पुढचा पंचविसावा अध्याय, त्यात भुकेल्याला खायला दिलंत का, आजाऱ्याला बघायला आलात का, एवढंच विचारलंय, तारीख ओळखलीत का असं कोणालाच विचारलेलं नाही.

आता मिस्टरांशी बोलायचं कसं. वचनाला वचन, क्लिपला क्लिप असं करू नका, त्यांनी वर्षभर हेच ऐकलंय, वादात ते जिंकतील आणि तुम्ही दोघंही हराल. विशेषतः तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं पाचव्या अध्यायातलं वचन, की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय, ते तुमच्या बाजूचं असलं तरी फेकून मारू नका. ते पाळकांनी किंवा ज्यांना मिस्टर मानतात अशा वडीलधाऱ्या माणसाने निवांतपणे काढलं तर उपयोग होईल. पाळकांना आधी तुम्ही एकट्या भेटा, सगळं सांगा, आणि त्यांनाही स्पष्ट सांगा की सगळ्यांसमोर प्रवचनातून टोमणे नकोत, घरी येऊन बसावं.

आणि एक विचारते, तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये म्हणून. वर्षभरापूर्वी हे सुरू झालं तेव्हा काय चाललं होतं? कोणी गेलं का, आजारपण, ऑफिसमध्ये काही बिनसलं का? सगळ्यांच्या बाबतीत तसं असतंच असं नाही, काहींना खरंच शास्त्राची ओढ असते. पण आतून दमलेल्या माणसाला आता सगळं लवकरच संपणार हे ऐकून बरं वाटतं, आणि तसं असेल तर तुम्ही चिन्हांवर कितीही बोललात तरी मूळ दुखणं राहूनच जाईल. रात्री व्हिडिओ बघायच्या वेळेला एखाद दिवशी त्यांच्याशेजारी जाऊन बसा, वाद घालायला नाही, नुसतं विचारा की तुम्हाला यातलं सगळ्यात जास्त काय हवंहवंसं वाटतं. प्रभूला बघावंसं वाटतं म्हणाले तर तुम्हालाही वाटतं हे सांगा. पहिल्या विश्वासणाऱ्यांचीही हीच प्रार्थना होती, हे प्रभू ये. ती ओढ चांगली आहे, तिचा मान राखा, म्हणजे पैशाचं बोलताना तुम्ही समोरच्या बाजूला बसलाय असं त्यांना वाटणार नाही.

पैशाबद्दल एकच नियम मागून घ्या: ती तारीख होऊन जाईपर्यंत जे परत फिरवता येणार नाही असं काहीही करायचं नाही. राजीनामा नाही, एफडी मोडणं नाही, घर-जागा विकणं नाही, कर्ज काढून देणगी तर अजिबातच नाही. त्यांची तारीख खरी ठरली तर या नियमाने कोणाचंच काही बिघडत नाही हे त्यांनाही कबूल करावं लागेल. एफडी कोणाच्या नावावर आहे, मोडायला दोघांची सही लागते का, हे बँकेत जाऊन बघून घ्या, यात लपवाछपवी करू नका, त्यांना सांगून करा, चोरून केलेलं उघडं पडलं की पैशापेक्षा मोठं काहीतरी मोडतं. आणि सुवार्तेचं त्यांचं मन असेल तर नोकरी ठेवून सुट्टीच्या दिवशी करू दे, तुम्हीही जा बरोबर. देणगी द्यायचीच असेल तर महिन्याच्या कमाईतून ठरवून, आणि जिथे पैसा कोणाच्या पोटात किंवा औषधात जातो ते डोळ्यांनी दिसतं अशा ठिकाणी. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आहेच, मनात ठरवलं तसं द्यावं, बळजबरीने नाही. तारीख दाखवून, भीती घालून मागितलेलं दान हे बळजबरीचंच.

एका गोष्टीवर मात्र बारीक लक्ष ठेवा. झोप जवळजवळ बंद झाली, जेवण सुटलं, देव मला एकट्यालाच खास निरोप देतो असं बोलायला लागले, किंवा आपण सगळेच लवकर जाऊ, इथे राहून काय करायचं अशी भाषा आली, तर ते शास्त्राचं बोलणं राहिलेलं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि नेता येत नसेल तर मुलीला घेऊन जवळच्या माणसांकडे जा आणि मदत बोलवा. प्रार्थना चालू ठेवा, पण प्रार्थना करतोय म्हणून डॉक्टर लांबवू नका.

आणि त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची तयारी आत्ताच करा. तेव्हा ते फार एकटे पडतील, शरम वाटेल, कदाचित सगळाच विश्वास सोडून द्यावासा वाटेल, 1844 नंतर पुष्कळांचं तसं झालं होतं. त्या दिवशी बघा मी म्हटलं नव्हतं का, हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून निघायला नको, मुलीच्याही नाही, तिला आधी समजावून ठेवा. आणि त्या प्रचारकाकडून काही आठवड्यांत हिशोबात थोडी चूक झाली म्हणून नवी तारीख येण्याची शक्यता खूप आहे, कॅम्पिंगनेही तेच केलं होतं. म्हणून आत्ता, ते शांत असताना, त्यांच्याकडून एवढं कबूल करून घ्या की ही तारीख गेली तर पुढच्या कुठल्याही तारखेसाठी नोकरी आणि मुलीचे पैसे हा विषय निघणार नाही, आणि त्या प्रचारकाचे व्हिडिओ बंद. एका कागदावर लिहून दोघांनी सही करा, आणि तो कागद पाळकांकडे ठेवायला द्या.